चष्म्याची चिठ्ठी, लेन्सची चिठ्ठी: आकडे जुळत नाहीत ते का, आणि घ्यायची कुठली

भाचीनं निपाणीहून दोन फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, "मावशी, फसवलं काय गं मला?"

पहिला फोटो चष्म्याच्या चिठ्ठीचा. दोन महिन्यांपूर्वी निपाणीतच नंबर काढला होता. दुसरा फोटो कॉन्टॅक्ट लेन्सच्या चिठ्ठीचा, गेल्या शनिवारी बेळगावात मिळालेल्या. तुळशीचं लग्न लागलं की हिचं लग्न आहे, आणि अक्षता पडताना तोंडावर चष्मा नको, हा तिचा हट्ट. हट्टाबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही तेच केलं होतं.

चष्म्याची चिठ्ठी:
उजवा: −५.५० / −०.७५ × १८०
डावा: −४.५० / −१.७५ × १६५
पीडी ६२, दोन्ही डोळे ६/६

लेन्सची चिठ्ठी:
उजवा: −५.२५ / −०.७५ × १८०, बीसी ८.७, डीआयए १४.५
डावा: −४.२५ / −१.२५ × १६०, बीसी ८.७, डीआयए १४.५
बायोफिनिटी टोरिक, महिन्याची

डोळे तेच आणि मधे गेले जेमतेम दोन महिने. तरी उजव्याची पॉवर पाव नंबरनं उतरली, आणि डाव्याचा तर एकही आकडा जुळत नाही. दुकानात शिल्लक पडलेला माल गळ्यात मारला, असंच तिला वाटलं. मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघितल्या. लेन्सची चिठ्ठी करणाऱ्यानं काम नीट केलं होतं. आकडे जुळले असते तर मला काळजी वाटली असती.

आधी चिठ्ठी कुठून वाचायची ते बघू. घरात आपण उजवा डोळा म्हणतो, दवाखान्यात कानडीतलं बलगण्णु ऐकू येतं आणि चिठ्ठीवर ओडी लिहिलेलं असतं, ते लॅटिन. डावा म्हणजे एडगण्णु म्हणजे ओएस. काही जण सरळ आरई आणि एलई लिहितात. ओयू दिसलं तर दोन्ही डोळे. एका वस्तूला तीन नावं असणं बेळगावकराला नवीन नाही, पण लेन्सचं खोकं घेताना इथंच पहिली चूक होते: उजव्याची डाव्यात आणि डाव्याची उजव्यात. खोक्यावर कुठला डोळा ते छापलेलं नसतं, फक्त पॉवर असते. घरी आल्या आल्या पेनानं "उ" आणि "डा" लिहून टाका.

पॉवर: चष्मा नाकावर, लेन्स बुबुळावर

पॉवर डायॉप्टरमध्ये मोजतात. डायॉप्टर म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर. मायनस चार नंबरवाल्याला चष्म्याशिवाय पाव मीटरपर्यंतच, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. भाचीच्या उजव्या डोळ्याचं हे अंतर वीतभरही भरत नाही. मायनस म्हणजे लांबचं न दिसणं, प्लस म्हणजे उलट, आणि आकडे पाव-पावनं चढतात: ५.००, ५.२५, ५.५०.

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर पुढं असते. लेन्स मात्र थेट बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर बसते. मधलं अंतर गेलं की मायनस भिंगाला तेच काम कमी ताकदीत करता येतं. हिशेब असा: चष्म्याचा नंबर घ्यायचा आणि एक अधिक (नंबर गुणिले ०.०१२) यानं भागायचा. ५.५० ला १.०६६ नं भागलं की ५.१६ येतात, जवळचा मिळणारा नंबर ५.२५. ४.५० ला १.०५४ नं भागलं की ४.२७, म्हणजे ४.२५. झाले की भाचीचे दोन आकडे.

नंबर लहान असेल तर हा फरक दिसतच नाही. मायनस दोनला चष्मा दोन, लेन्सही दोन. चारच्या पुढं पाव नंबर उतरतो, सहाला अर्धा, आठला पाऊण, आणि दहाचा चष्मा असेल तर लेन्स नऊची लागते. प्लसवाल्यांचं उलट आहे, त्यांचा नंबर लेन्समध्ये चढतो: प्लस सहाच्या चष्म्याला प्लस साडेसहाची लेन्स. म्हणून "माझा नंबर अमुक, तेवढ्याची लेन्स द्या" हे दोन-तीन नंबरपर्यंत एखाद वेळेस खपून जातं, पुढं नाही.

मला हे कळलं ते स्वतःच्या डोक्यावर घेऊन. कॉलेजात असताना चष्मा मायनस सातचा होता. एका दुकानात चष्म्याची चिठ्ठी दाखवली आणि त्यांनी मायनस सातच्या लेन्स काढून दिल्या. हव्या होत्या साडेसहाच्या. लांबचं इतकं लख्ख दिसायचं की मी खुश. पण पुस्तक उघडलं की अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागायचं. वय कमी असल्यानं डोळा तो जादाचा अर्धा नंबर आतल्या आत ओढून भरून काढत होता आणि थकत होता. आईनं दृष्ट काढली. दोन महिने डोकेदुखीच्या गोळ्या खाल्ल्यावर एका डॉक्टरांनी लेन्सचं खोकं मागवून घेतलं, तेव्हा उलगडा झाला. दृष्ट बिचारी तशीच राहिली.

चष्म्याच्या चिठ्ठीवर पीडी असतं, दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. फ्रेममध्ये काच कुठं बसवायची ते त्यावरून ठरतं. लेन्स बाहुलीवरच बसते आणि डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळं तिथं पीडीचं काम नाही. आणि ६/६ हा नंबरच नव्हे. सहा मीटरवरून जी ओळ वाचता यायला हवी ती वाचता आली, एवढाच त्याचा अर्थ. "माझा नंबर सहा बाय सहा" असं सांगणारे आमच्या गल्लीत दोघे आहेत.

सिलिंडर आणि अक्ष: खरी गडबड इथली

कॉर्नियाचा घुमट सगळीकडून सारखा गोल असेल तर एकच पॉवर पुरते. बऱ्याच जणांचा घुमट एका दिशेनं जास्त वळलेला असतो, चेंडूपेक्षा अंड्याच्या पाठीसारखा. तो फरक भरून काढणारी पॉवर म्हणजे सिलिंडर, आणि ती कुठल्या दिशेत बसवायची ते सांगणारा कोन म्हणजे अक्ष. कोन एकपासून एकशे ऐंशीपर्यंत. १८० आडवा, ९० उभा. चिठ्ठीत तिरक्या रेघेनंतरचा आकडा सिलिंडर, × नंतरचा अक्ष.

चष्म्याची काच मागणीप्रमाणं घासून तयार होते, त्यामुळं सिलिंडर पाव-पावनं आणि अक्ष एकेका अंशानं मिळतो. १६५ म्हटलं की १६५. सिलिंडर असलेली मऊ लेन्स, जिला टोरिक म्हणतात, ती मात्र कारखान्यातून ठरलेल्या मापांत येते. सिलिंडर बहुधा ०.७५, १.२५, १.७५ आणि २.२५ एवढ्याच पायऱ्यांत, अक्ष दहा-दहाच्या टप्प्यानं. १६५ त्यात नसतोच. एक तर १६० घ्या, नाही तर १७०.

आता डावा डोळा बघा. बारा मिलिमीटरचा हिशेब सिलिंडरलाही लागतो, त्यामुळं चष्म्यातला १.७५ लेन्सपाशी येईपर्यंत साधारण दीड होतो. दीड पायरीतच नाही. वरचा १.७५ घ्यायचा की खालचा १.२५, असा प्रश्न आला की बहुतेक जण खालचा देतात, कारण जादा सिलिंडर डोळ्याला जास्त खुपतो. म्हणून १.२५ आणि १६०. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं ते इथं स्पष्ट वाचता येतं.

आणखी एक गंमत. भाचीच्या उजव्या डोळ्याचा चष्मा कुणी −६.२५ / +०.७५ × ९० असा लिहून दिला तरी तो तोच नंबर आहे. सिलिंडर मायनसनं लिहायचा की प्लसनं, या दोन पद्धती आहेत. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करायची, सिलिंडरचं चिन्ह उलटं करायचं आणि अक्ष नव्वदनं फिरवायचा, की एकीतून दुसरीत जाता येतं. नेत्रशिबिरात असा कागद हातात पडला तर घाबरून जाऊ नका.

मग साधी, बिनसिलिंडरची लेन्स चालेल का? स्वस्त पडते, कुठंही मिळते आणि दुकानदारही "चालतंय की" म्हणतो. सिलिंडर अर्धा असेल तर त्याचा अर्धा भाग मुख्य नंबरात मिळवून साधी लेन्स देतात, म्हणजे −२.०० / −०.५० ला −२.२५, आणि ते खरंच चालतं. पाऊणपासून पुढं टोरिकचा फरक जाणवायला लागतो. भाचीच्या उजव्या डोळ्याला साडेपाचची साधी लेन्स निभावून नेईल. डाव्याला नाही. पाचची साधी लेन्स घालून लग्नाच्या हॉलमध्ये माणसं ओळखू येतील, पण रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्याला शेपट्या फुटतील. दीडच्या आसपास सिलिंडर असलेल्यांनी साध्या लेन्सवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोरिकचा एक त्रास तेवढा सांगते. ती डोळ्यात फिरली की दिशा चुकते. दहा अंश फिरली तर सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश फायदा गेला, तीस अंश फिरली तर घालून न घातल्यासारखी. ती फिरू नये म्हणून तिचा काही भाग जाड ठेवलेला असतो आणि कडेला बारीक खूण असते. तपासणारा यंत्रातून ती खूण बघतो, किती सरकली ते मोजतो आणि अक्ष तेवढा बदलून देतो. हे लेन्स डोळ्यात घालून, थोडा वेळ बसवूनच कळतं. डोळ्यात न घालता नुसत्या कागदावरून टोरिक देणारा दिसला तर तिथून उठून यावं.

बीसी आणि डीआयए: चष्म्याला ठाऊक नसलेली मापं

इथून पुढची मापं नजरेची नाहीतच, वस्तूची आहेत.

बीसी म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची वळणाची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तेवढी वाटी खोल, मोठा तेवढी पसरट. मऊ लेन्समध्ये ८.३ ते ९.० यातलंच काहीतरी असतं. डीआयए म्हणजे लेन्सची रुंदी, बहुधा १३.८ ते १४.५. आपलं बुबुळ असतं साडेअकरा-बारा मिलिमीटरचं, म्हणजे मऊ लेन्स त्याच्या बाहेर पांढऱ्या भागावर सगळीकडून मिलिमीटरभर पसरून बसते.

वाटी फार खोल झाली की लेन्स चिकटून बसते, पापणी हलली तरी हलत नाही, आणि काढल्यावर पांढऱ्या भागावर गोल वळ दिसतो. फार पसरट झाली की सरकत राहते, कड टोचते आणि पापणी मिटली की नजर धूसर होते. घट्ट लेन्स जास्त फसवी, कारण पहिल्या दिवशी तीच आरामाची वाटते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांवर निकाल देऊ नये.

आता अथणीची चप्पल आठवा. एका कारागिराची सात नंबरची पायात बसते, दुसऱ्याची सातच नंबरची अंगठ्याला काचते. लेन्सचंही तसंच आहे. बायोफिनिटीची साधी लेन्स बीसी ८.६ आणि डीआयए १४.० मध्ये येते, तिचीच टोरिक ८.७ आणि १४.५ मध्ये. एअर ऑप्टिक्स अ‍ॅक्वा ८.६ आणि १४.२. रोज टाकून द्यायची अ‍ॅक्युव्ह्यू मॉइस्ट ८.५ किंवा ९.० आणि १४.२. बायोफिनिटीचा ८.६ आणि एअर ऑप्टिक्सचा ८.६ कागदावर जुळे असले तरी डोळ्यावर जुळे नसतात: जाडी वेगळी, मऊपणा वेगळा, कडेची घडण वेगळी. म्हणून लेन्सच्या चिठ्ठीवर नाव हवंच. ते माप आहे, जाहिरात नव्हे. "हाच नंबर दुसऱ्या कंपनीचा स्वस्तात देतो" या वाक्याला चष्म्याच्या काचेच्या बाबतीत हो म्हणावं, लेन्सच्या बाबतीत नाही. बदलायची तर पुन्हा घालून बघून, नवी चिठ्ठी करून.

काही चिठ्ठ्यांवर के म्हणून ४३.२५, ४४.०० असे आकडे असतात. ती कॉर्नियाच्या वळणाची मोजणी, डायॉप्टरमध्ये. ३३७.५ ला त्या आकड्यानं भागलं की मिलिमीटर मिळतात: ४३.२५ म्हणजे ७.८०. लगेच कुणी विचारेल, डोळा ७.८० चा आणि लेन्स ८.७ ची कशी? मऊ लेन्स डोळ्यावर ओल्या कापडासारखी अंग टाकते आणि बुबुळाच्या बाहेर जाते, म्हणून ती मुद्दाम पसरट ठेवतात.

कडक लेन्सचं मात्र तसं नाही. तिला दुकानात आरजीपी किंवा सेमी-सॉफ्ट म्हणतात. ती वाकत नाही, बुबुळापेक्षा लहान असते, डीआयए नऊ-साडेनऊच्या घरात, आणि तिचा बीसी डोळ्याच्या वळणाशी मिळताजुळता, दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला: ७.८०, ७.७५. ८.७ च्या शेजारी ७.८० दिसलं म्हणून एक बरोबर आणि एक चूक होत नाही, लेन्सची जातच वेगळी. प्रागच्या ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातल्या जोडणी-संचावर मऊ लेन्स ओतून बघितल्या, त्याआधी सगळ्यांनाच कडक लेन्सच्या या काटेकोर मापांतून जावं लागायचं. आजही कॉर्निया टोकदार होत जाण्याचा आजार असेल, सिलिंडर फार मोठा असेल, दरवर्षी चष्मा बदलूनही स्वच्छ दिसत नसेल, तर कडक लेन्सच कामाला येते. पहिले पंधरा दिवस डोळ्यात कुसळ गेल्यासारखं वाटतं. एकदा सवय झाली की नजर मात्र मऊ लेन्सपेक्षा धारदार. लग्नापुरती लेन्स हवी असणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

पाणी आणि हवा

खोक्यावर पाण्याचा टक्का असतो: मॉइस्ट ५८, बायोफिनिटी ४८, एअर ऑप्टिक्स अ‍ॅक्वा ३३. जास्त पाणी म्हणजे डोळा जास्त ओला, असं गणित नाही. महत्त्वाचा आकडा डीके/टी, म्हणजे लेन्समधून ऑक्सिजन किती पार होतो. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो बाहेरची हवा घेतो. मॉइस्टसारख्या जुन्या धाटणीच्या हायड्रोजेलचा (मऊ लेन्सचा पदार्थ) आकडा पंचविसाच्या आसपास, बायोफिनिटीसारख्या सिलिकॉन हायड्रोजेलचा १६०. आणि हे आकडे मायनस तीनच्या लेन्सचे छापतात. नंबर वाढला की मायनस लेन्सची कड जाड होते आणि हवा आणखी कमी पोचते. म्हणून पाचच्या वरचा नंबर आणि दिवसाला दहा तास घालणं असेल तर सिलिकॉन हायड्रोजेलच मागावी. आठवड्यातून एकदा चार तास घालायची असेल तर फार काथ्याकूट नको.

१६० चा आकडा बघून रात्री घालून झोपू नका मात्र. झोपेत लेन्स घातल्यानं कॉर्नियाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका कितीतरी पट वाढतो, हवा कितीही खेळती असली तरी.

रोजची की महिन्याची

हे ठरवायला किमतीआधी दिवस मोजा. रोज टाकून द्यायच्या लेन्स तीसच्या खोक्यात येतात, प्रत्येक डोळ्याला वेगळं खोकं. आठवड्यातून दोनदा घातल्या तर महिन्याला सोळा-अठरा लेन्स लागतात, पाच दिवस घातल्या तर चव्वेचाळीस. महिन्याच्या लेन्स कधीही दोनच, वर सोल्युशनची बाटली आणि डबी. पण महिना मोजायचा तो पाकीट फोडल्या दिवसापासून. चार दिवस घातल्या आणि सव्वीस दिवस डबीत राहिल्या तरी महिना संपला. "मी कुठं रोज घालते, तीन महिने चालवते" म्हणणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत, त्यातली एक पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत डोळ्याला पट्टी बांधून बसली होती.

महिन्यातून आठ-दहा दिवसांच्या आत घालणाऱ्यांनी रोजच्या घ्याव्यात. वर असेल तर महिन्याच्या. ही माझी रेघ, दुकानदाराची वेगळी असू शकते. पण आपल्या भागात आणखी एक हिशेब करावा लागतो, तो धुळीचा.

भाचीच्या घराखाली तंबाखूची वखार आहे. जिन्यात पाऊल ठेवलं की शिंका येतात. तिथं बसून बोटांनी लेन्स काढायची, चोळून धुवायची, डबीत ठेवायची, म्हणजे हातावरची भुकटी लेन्सवर आणि लेन्सवरून डोळ्यात. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्यांचं, वडगावात मागावर बसणाऱ्यांचंही हेच. कामावर चष्मा आणि बाहेर पडताना रोजची लेन्स, हा मेळ त्यांना जास्त सोसतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत भंडारा उधळतात, गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल. त्या दिवशी महिन्याची लेन्स नको. रोजची घालून घरी येऊन फेकली तर भुकटीही गेली.

आणि पाणी. उन्हाळ्यात घटप्रभेत, मलप्रभेत डुंबताना लेन्स नको, विहिरीत नको, अंघोळीतही नको. नळाच्या पाण्यानं लेन्स किंवा डबी धुवायची नाही. उकळून गार केलेल्या पाण्यानंही नाही. पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, तो लेन्सच्या मागं अडकून कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात आणि नजर पूर्ण परत येईलच असं नाही. हात साबणानं धुवावेत, मग कोरडे पुसावेत, मग लेन्सला लावावेत. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडं जायचं, डबीसकट. कपाटातले जुने थेंब घालून बघायचे नाहीत.

चाळिशीवाल्यांसाठी एक रकाना

माझ्या स्वतःच्या चिठ्ठीत आता अ‍ॅड नावाचा रकाना आला आहे. जवळच्या वाचनासाठी लागणारी जादा प्लस पॉवर. चष्म्यावर ती +१.५० अशी लिहितात. मल्टिफोकल लेन्सवर बऱ्याचदा लो, मीडियम, हाय एवढंच, काही कंपन्या डी आणि एन लिहून जास्त चालणारा आणि कमी चालणारा डोळा वेगळा करतात.

मायनसवाल्यांनी इथं एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. चष्मा डोळ्यापासून लांब असल्यानं जवळचं बघताना तो मायनसवाल्याला थोडी सूट देतो. लेन्स ती सूट काढून घेते. चष्म्यात सुईत दोरा ओवता येणाऱ्या बेचाळिशीच्या बाईला लेन्स घातल्यावर एकदम येईनासा होतो. नंबर चुकलेला नसतो. शहापुरात सराफाच्या हाताखाली बारीक काम करणारा असेल किंवा शिवणकाम करणारी असेल, तर मला विचाराल तर कामाला चष्माच बरा. बदल्यात लेन्समध्ये सगळं किंचित मोठं दिसतं, मायनसचा चष्मा वस्तू बारीक करून दाखवतो ना. पहिल्यांदा लेन्स घातली तेव्हा आरशात माझेच डोळे मला केवढे तरी वाटले होते.

घारे-निळे डोळे करणाऱ्या रंगीत लेन्सबद्दल भाचीनं विचारलंच. त्यांची पॉवर शून्य असली तरी बीसी आणि डीआयए असतातच, त्यामुळं त्यांनाही चिठ्ठी लागते. पार्लरमध्ये एकीच्या डोळ्यातून दुसरीच्या डोळ्यात जाणारी लेन्स मला चालणार नाही, हे मी तिला मावशी म्हणून सांगितलं.

शेवटी तिनं महिन्याचीच टोरिक ठेवली, कारण शाळेतही घालायची म्हणते. मी असते तर वखारीपायी रोजची टोरिक मागितली असती. मॉइस्टची टोरिक ८.५ आणि १४.५ मध्ये येते, पण तिच्यासाठी पुन्हा बेळगावला जाऊन घालून बघणं आलं, आणि तिला आता साड्यांची खरेदी आहे. तडजोड अशी ठरली की लेन्स काढायची-घालायची ती वरच्या खोलीत, खिडकी लावून.

आठवड्यानं ती दाखवायला गेली. डाव्या डोळ्यानं बसची पाटी जरा पुसट दिसते, अशी तक्रार होती. तपासणाऱ्यानं खूण बघितली. ती त्याच्या डावीकडं सरकली होती, घड्याळाच्या एका मिनिटाच्या खुणेएवढी. पाच-सहा अंश. १६० ची लेन्स डोळ्यावर १५५ च्या आसपास बसत होती, आणि हवी होती १६५ ला. त्यानं १७० लिहून दिलं.

संध्याकाळी तिसरा फोटो आला. "मावशी, परत बदलला बघ नंबर! पण पाटी वाचता येतीया आता."